प्रकाशीय सूक्ष्म अनुस्पंदकांचे विद्युत् मेलन
काही मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी व्यासाच्या पारदर्शक स्फटिकाच्या चकतीत प्रकाश कोंडून ठेवता येतो. चकतीच्या कडेलगत प्रकाशकिरण वारंवार संपूर्ण अंतर्गत परावर्तन पावत फिरत राहतो आणि एका फेरीच्या मार्गात तरंगलांब्यांची पूर्णांक संख्या बरोबर मावली, तर प्रत्येक फेरीतील तरंग आधीच्या फेरीतील तरंगांना साहाय्यकारी होऊन आतील प्रकाशाची तीव्रता पुष्कळ वाढते. या आविष्काराला अनुस्पंदन, तो ज्या कंप्रतांना (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांना) घडतो त्यांना अनुस्पंदन कंप्रता आणि अशा चकतीला प्रकाशीय सूक्ष्म अनुस्पंदक असे म्हणतात. स्फटिकाला विद्युत् दाब लावून या कंप्रता हव्या त्या ठिकाणी सरकविणे म्हणजे अनुस्पंदकाचे विद्युत् मेलन होय.

अनुस्पंदकाचा चोखपणा गुणता गुणांकाने व्यक्त करतात. अनुस्पंदन कंप्रतेला अनुस्पंदनाच्या रुंदीने भागले असता हा गुणांक मिळतो. दूरसंदेशवहनात वापरल्या जाणाऱ्या १·५५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाची कंप्रता सु. १९३ लाख कोटी हर्ट्‌झ आहे. गुणता गुणांक १० कोटी असल्यास अनुस्पंदनाची रुंदी सु. २० लाख हर्ट्‌झ, म्हणजे कंप्रतेच्या १० कोटींशापुरती राहते. असा अनुस्पंदक हव्या त्या कंप्रतेचा बनवू म्हटले, तर १ मिमी. त्रिज्येच्या चकतीची त्रिज्या १० कोटींशाच्या आत अचूक राखावी लागेल. हे अंतर एका अणूच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही कमी आहे. इतक्या मापाने घासकाम करणारे यंत्र नाही व असणे शक्यही नाही. अनुस्पंदक जितका चोख, तितकी त्याची अनुस्पंदने अरुंद व तितकी ती नेमकी नको त्या ठिकाणी पडण्याची शक्यता अधिक, असा हा पेच आहे. म्हणून घडवून झाल्यावर अनुस्पंदक जुळवून घेण्याचा उपाय हाताशी असल्यावाचून त्याच्या चोखपणाचा व्यवहारात फारसा उपयोग होत नाही. तंबोऱ्याची तार खुंटीने साधारण स्वरावर आणून नंतर मणी सरकवून ती नेमकी लावतात, तसा हा प्रकार आहे. तापमान बदलणे ही येथील खुंटी व विद्युत् दाब हा मणी होय. हा मणी कोणत्या स्फटिकांना बसतो व कोणत्यांना बसत नाही, हा प्रश्न या विषयाच्या इतिहासात आरंभापासून आहे.

कुजबुज-सज्जा : या अनुस्पंदकांची कल्पना प्रकाशकीतून आलेली नसून वास्तुशिल्पातील एका चमत्कारातून आलेली आहे. लंडन येथील सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटाखाली सु. ३४ मी. व्यासाची वर्तुळाकार सज्जा आहे. तिच्या भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले असता दूरवर भिंतीलगत उभ्या असलेल्या माणसाला ते शब्द स्पष्ट ऐकू येतात. ब्रिटिश ज्योतिर्विद जॉर्ज बिडेल एअरी यांच्या मते घुमटाच्या पृष्ठावरून परावर्तित झालेला ध्वनी समोरच्या बिंदूपाशी एकत्र येत असावा. लॉर्ड रॅली यांना हे पटले नाही. कारण कुजबुज केवळ समोरच्या बिंदूपाशीच नव्हे, तर भिंतीच्या कडेने सर्वत्र ऐकू येते. ध्वनी वक्र भिंतीला जणू चिकटून सरपटत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. जस्ताचा पत्रा अर्धवर्तुळाकार वाकवून त्यांनी एका टोकाशी तीव्र स्वराची शिटी व दुसऱ्या टोकाशी ध्वनीने चंचल होणारी ज्योत ठेवली. पत्र्याच्या आतील अंगालगत एक अरुंद अडथळा उभा करताच ज्योत शांत झाली. तोच अडथळा पत्र्यापासून दूर ठेवला असता मात्र परिणाम झाला नाही. या आविष्काराचा तरंगसिद्धांतावर आधारलेला गणिती उलगडा रॅली यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केला.

या प्रकरणात भारताचाही भाग आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन हे १९२१ मध्ये इंग्लंडला गेले असता त्यांनी जी. ए. सदरलँड यांच्यासह सेंट पॉलच्या सज्जात प्रयोग केले. भिंतीपासून आत सरकत गेल्यास ध्वनीची तीव्रता एकसारखी घटत न जाता कमीअधिक होत जाते, असे त्यांना आढळले. भारतात परतल्यावर त्यांनी येथील अशा वास्तूंचाही अभ्यास केला व त्यांत विजापूरच्या गोल घुमटाचा समावेश होता. मुहम्मद आदिलशाह याची ही कबर १६५६ मध्ये पूर्ण झाली असून तिच्या घुमटाचा आतील व्यास सु. ३८ मी. आहे. एका टाळीचे अनेक प्रतिध्वनी ऐकण्यासाठी तेथे जाणाऱ्या प्रवाशाला ध्वनी भिंतीच्या कडेने फिरत असल्याचा अनुभव येतोच. गोल घुमट हजारो पटींनी लहान केला, त्यात हवेऐवजी पारदर्शक स्फटिक भरला व कुजबुजीच्या जागी प्रकाश सोडला, तर येथे वर्णिलेला अनुस्पंदक तयार होतो असे म्हणण्यास हरकत नाही. प्रकाशाच्या अशा कंपनप्रकारांना आजही ‘कुजबुज-सज्जा प्रकार’ असेच म्हणतात.

ध्वनीकडून प्रकाशाकडे : लहान गोलावर पडणाऱ्या विद्युत् चुंबकीय तरंगांचे गणित गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये व पीटर डेबाय यांनी १९०९ मध्ये मांडले; त्यात ही अनुस्पंदने अंतर्भूत होती. तथापि ती पाहण्यास पुरेसा एकवर्णी प्रकाश लेसरच्या शोधापर्यंत उपलब्ध नव्हता. १९६१ मध्ये बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील सी. जी. बी. गॅरेट, डब्ल्यू. कायझर व डब्ल्यू. एल. बाँड यांनी समेरियममिश्रित कॅल्शियम फ्ल्युओराइडाच्या चकचकीत गोळ्यांत लेसर क्रिया घडवून आणली. प्रकाशाचा कुजबुज-सज्जा अनुस्पंदक आरंभीच स्फटिकाचा होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. यानंतर बराच काळ संशोधकांचे लक्ष द्रवबिंदू व काच यांच्याकडे वळले. आर्थर ॲश्किन व जे. एम. जिड्‌झिक यांनी १९७७ मध्ये लेसर शलाकेने हवेत तरंगत ठेवलेल्या सूक्ष्म थेंबांवरील प्रकाशदाबात तीक्ष्ण अनुस्पंदने नोंदविली. १९८९ मध्ये मॉस्को विद्यापीठात व्ही. बी. ब्रागिन्स्की, एम. एल. गोरोडेत्स्की व व्ही. एस. इल्चेन्को यांनी काचतंतूचे टोक वितळवून केलेल्या सिलिकेच्या गोलांत अतिशय उच्च गुणता गुणांक मिळविले. वितळलेल्या द्रवाला पृष्ठताणामुळे आपोआप गुळगुळीत गोल आकार येतो, हा काचेचा मोठा लाभ होता. १९९६ पर्यंत अशा गोलांचा गुणता गुणांक सु. ८ अब्जांपर्यंत पोहोचला.

स्फटिकाला हा लाभ नाही. वितळवून गोल केल्यास त्याची स्फटिकरचनाच नष्ट होते. त्याला कापून, कातून व घासूनच आकार द्यावा लागतो. तरीही स्फटिकाकडे परतण्यास सबळ कारण होते. काचेतील अणूंची मांडणी अनियमित असल्याने तीत प्रकाशाचे प्रकीर्णन होते व तिच्या पृष्ठावर हवेतील पाण्याचे रेणू लवकर चिकटतात. शुद्ध स्फटिकात आतील प्रकीर्णन फारच कमी असते. कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या संस्थेत इल्चेन्को, ए. ए. सावचेन्कोव्ह, ए. बी. मात्स्को व एल. मालेकी यांच्या गटाने हे काम हाती घेतले. स्फटिकाचा दंडगोल फिरवत ठेवून त्याच्या कडेवर अधिकाधिक बारीक हिरकणीच्या भुकटीने घासकाम करावयाचे, अशी त्यांची रीत होती. भिंगे घासणाऱ्या जुन्या कारागिरांच्या रीतीहून ती मूलतः वेगळी नाही. २००७ मध्ये या गटाने कॅल्शियम फ्ल्युओराइडाच्या अनुस्पंदकात १०० अब्जांहून अधिक गुणता गुणांक मिळविल्याचे जाहीर केले. इतक्या गुणांकाच्या चकतीत शिरलेला प्रकाश क्षीण होण्यापूर्वी सु. १७ किमी. अंतर कापतो आणि तेही काही मिलिमीटरांच्या वर्तुळातच फिरून.

विद्युत् क्षेत्राचा प्रकाशावरील परिणाम : मेलनाचे दुसरे मूळ याहून जुने आहे. स्कॉटिश भौतिकीविज्ञ जॉन केर यांना १८७५ मध्ये असे आढळले की, काचेला प्रबळ विद्युत् क्षेत्र लावल्यास तिचे प्रकाशीय गुणधर्म बदलतात. हा बदल क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो व साधारण क्षेत्रात तो अत्यल्प असतो. व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन व आउगुस्ट कुंट यांनी १८८३ मध्ये क्वॉर्ट्‌झ स्फटिकात असा बदल होतो असे स्वतंत्रपणे दाखविले. पण त्याचा अर्थ लावताना एक अडचण उभी राहिली. प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत् परिणाम शोधून काढला होता व त्याच्या उलट परिणामामुळे विद्युत् क्षेत्रात क्वॉर्ट्‌झचा आकार किंचित बदलतो, हे ज्ञात झाले होते. आकार बदलला म्हणजे प्रतिबल निर्माण होते व प्रतिबलाने प्रणमनांक (निर्वातातील प्रकाशवेग व पदार्थातील प्रकाशवेग यांचे गुणोत्तर) बदलतो. तेव्हा विद्युत् क्षेत्र प्रकाशावर प्रत्यक्ष परिणाम करते की केवळ स्फटिकाला ताणून वा दाबून अप्रत्यक्षपणे करते, असा प्रश्न होता.

गटिंगेन येथील फ्रीड्रिख कार्ल आल्विन पोकेल्स (१८६५–१९१३) यांनी १८९३ मध्ये तो सोडविला. क्वॉर्ट्‌झ, सोडियम क्लोरेट व रोशेल लवण यांच्या स्फटिकांवर त्यांनी काळजीपूर्वक मोजमापे केली, विकृतीमुळे होणाऱ्या बदलाचा भाग गणिताने वेगळा काढला आणि उरलेला बदल विद्युत् क्षेत्राचा प्रत्यक्ष परिणाम असून तो क्षेत्राच्या सम प्रमाणात असतो, हे दाखवून दिले. या परिणामास आता त्यांचेच नाव आहे. पोकेल्स यांची मोठी बहीण आग्नेस पोकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या पृष्ठताणावर केलेल्या प्रयोगांचे पत्र लॉर्ड रॅली यांनीच १८९१ मध्ये नेचर या नियतकालिकात छापवून आणले होते. भावाने पुरविलेले शास्त्रीय वाङ्‌मय सोडल्यास त्यांना विद्यापीठीय शिक्षणाचा लाभ नव्हता. प्रस्तुत विषयाच्या दोन मूळ प्रवाहांची ही गाठ योगायोगाची असली, तरी उल्लेखनीय आहे.

पोकेल्स परिणाम सर्व स्फटिकांत आढळत नाही. ज्या स्फटिकाच्या रचनेत सममितीचा मध्यबिंदू असतो, म्हणजे प्रत्येक अणूच्या बरोबर विरुद्ध बाजूस तितक्याच अंतरावर तसाच अणू असतो, त्याला विद्युत् क्षेत्राची दिशा उलटी केली काय किंवा नाही काय सारखेच असते. सम प्रमाणातील परिणाम मात्र क्षेत्र उलटताच चिन्ह बदलतो. एकच बदल एकाच वेळी धन व ऋण असू शकत नसल्याने अशा स्फटिकात तो शून्यच असला पाहिजे. हा केवळ सममितीचा युक्तिवाद असून त्यात कारागिरीने सुधारणा होण्यास वाव नाही. दुर्दैवाने प्रकाश सर्वाधिक काळ साठविणारे कॅल्शियम फ्ल्युओराइड व मॅग्नेशियम फ्ल्युओराइड हे दोन्ही स्फटिक याच वर्गातील आहेत. मेलनाची सर्वांत जास्त गरज असलेले स्फटिक अशा रीतीने विद्युत् दाबापुढे बहिरे ठरतात.

लिथियम नायोबेट : विद्युत् दाबाला प्रतिसाद देणाऱ्या स्फटिकांत लिथियम नायोबेट हा सर्वांत महत्त्वाचा ठरला. निसर्गात न आढळणाऱ्या या पदार्थाचा फेरोविद्युत् गुणधर्म (आपोआप येणारे व उलटविता येणारे विद्युत् ध्रुवण) बी. टी. माथायस व जे. पी. रेमाइका यांनी १९४९ मध्ये वर्णिला. ए. ए. बॉलमन यांनी वितळलेल्या द्रव्यातून बीजस्फटिक हळूहळू वर ओढण्याच्या चोक्राल्स्की पद्धतीने याचे मोठे स्फटिक वाढविले व ते काम १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी प्रचारात असलेल्या पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटाच्या झडपांना हजारो व्होल्ट दाब लागे व तो स्फटिक पाण्यात विरघळणारा असल्याने ओलाव्यापासून जपावा लागे. लिथियम नायोबेट कठीण, पाण्यात न विरघळणारा व विद्युत् क्षेत्राला अधिक संवेदनशील होता.

एक वर्षातच त्याचा दोषही उघडकीस आला. १९६६ मध्ये ॲश्किन व त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, तीव्र लेसर शलाका या स्फटिकातून गेल्यास शलाकेच्या मार्गातील प्रणमनांक बदलतो, शलाका विस्कटते व प्रकाश बंद केल्यावरही तो बदल दीर्घकाळ टिकून राहतो. त्यांनी याला प्रकाशीय इजा मानले. प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन प्रकाशित भागातून सरकून दुसरीकडे अडकतात, त्यामुळे स्फटिकात अंतर्गत विद्युत् क्षेत्र निर्माण होते व पोकेल्स परिणामानेच प्रणमनांक बदलतो, हे स्पष्टीकरण लवकरच पुढे आले. म्हणजे ज्या गुणामुळे हा स्फटिक बाहेरून लावलेल्या दाबाचे ऐकतो, त्याच गुणामुळे तो आतल्या भरकटलेल्या विद्युत् भारांचेही ऐकतो. शेकड्यात काही भाग मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळल्यास ही इजा पुष्कळ कमी होते, असे १९८० नंतरच्या काही वर्षांत निश्चित झाले. अनुस्पंदकात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. कारण बाहेरून अगदी मंद प्रकाश सोडला तरी कडेलगतच्या अरुंद पट्ट्यात तो साचून त्याची तीव्रता प्रचंड होते.

चकतीला अग्रे जोडणे : दोन्ही प्रवाह एकत्र आले ते एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील डी. ए. कोएन, एम. हुसेनझादे व ए. एफ. जे. लेव्ही यांनी २००१ मध्ये लिथियम नायोबेटाची चकती वापरून सूक्ष्मतरंग रेडिओ संकेत थेट प्रकाशावर चढविणारे साधन वर्णिले. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील गटाने २००३ मध्ये याच जातीचे विरूपक आणि विद्युत् दाबाने कंप्रता सरकविता येणारे प्रकाशीय छानक तयार केले.

अशा साधनाची रचना सोपी दिसते. स्फटिकाचा प्रकाशीय अक्ष चकतीच्या पृष्ठाला लंब ठेवतात व चकतीच्या वरच्या आणि खालच्या सपाट पृष्ठांवर धातूचा पातळ थर देऊन विद्युत् अग्रे करतात. प्रकाश कडेलगत फिरत असल्याने अग्रे कडेच्या शक्य तितकी जवळ न्यावी लागतात. परंतु धातू प्रकाश शोषून घेतो म्हणून खुद्द कडेवर ती येऊ देता येत नाहीत. लिथियम नायोबेटाचा प्रणमनांक बराच मोठा असल्याने प्रकाश आतबाहेर करण्यासाठी बहुधा हिऱ्याचा लोलक वापरतात. लोलक कडेला न चिकटविता तरंगलांबीहून कमी फट ठेवून जवळ आणला म्हणजे प्रकाश त्या फटीतून झिरपतो.

दाबाने होणारे विस्थापन सहज काढता येते. कंप्रतेतील सापेक्ष बदल हा प्रणमनांकाचा वर्ग, स्फटिकाचा विद्युत्-प्रकाशीय गुणांक व विद्युत् क्षेत्र यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. लिथियम नायोबेटाचा प्रणमनांक सु. २·१४ व गुणांक दर व्होल्टला सु. ३१ पिकोमीटर धरल्यास ०·५ मिमी. जाड चकतीला लावलेला १ व्होल्ट दाब अनुस्पंदन कंप्रता सु. २·७ कोटी हर्ट्‌झने सरकवितो. गुणता गुणांक १० कोटी असल्यास हे विस्थापन अनुस्पंदनाच्या रुंदीच्या दहा पटींहून अधिक आहे. चकती ०·१ मिमी.पर्यंत पातळ केली व दाब १०० व्होल्ट केला, तर विस्थापन सु. १४ अब्ज हर्ट्‌झपर्यंत जाते. २ मिमी. व्यासाच्या चकतीत लगतच्या दोन अनुस्पंदनांतील अंतर सु. २२ अब्ज हर्ट्‌झ असते. तेव्हा धन व ऋण असा दोन्ही दिशांनी दाब दिल्यास हे सर्व अंतर व्यापता येते आणि कोणत्याही कंप्रतेचा प्रकाश एखाद्या अनुस्पंदनात पकडता येतो. २००५ मध्ये याच गटाने एकापुढे एक जोडलेल्या अनुस्पंदकांच्या साखळीचे छानक केले. त्यात प्रत्येक चकतीला वेगळा दाब देऊन त्या एकमेकींशी जुळविता येत. तीन तंबोरे एका स्वरात लावण्यासारखेच हे काम असून एकच विद्युत् दाब सर्वांना देऊन ते साधत नाही, कारण घडणीत कोणत्याही दोन चकत्या तंतोतंत सारख्या उतरत नाहीत.

त्याच वर्षी मेलनाचा एक निराळा प्रकारही पुढे आला. अणकुचीदार विद्युत् अग्र स्फटिकाच्या पृष्ठावर बोरूसारखे फिरवून त्याखालील भागाचे फेरोविद्युत् ध्रुवण उलटे करता येते. उलट केलेल्या भागात पोकेल्स परिणामाचे चिन्हही उलटे होते. अशा भागांची नक्षी रेखाटून निरनिराळे कंपनप्रकार एकाच दाबाने कमीअधिक सरकविता येतात व त्यांच्यातील परस्पर अंतर बदलता येते. ही नक्षी दाब काढल्यावरही राहते आणि पुन्हा पुसताही येते. संशोधकांनी या रीतीला सुलेखनाचे नाव दिले.

बहिऱ्या स्फटिकांवरील उपाय : फ्ल्युओराइडांच्या अनुस्पंदकांना मागणी मात्र वाढतच गेली. एकाच लेसरच्या प्रकाशापासून समान अंतरावरील अनेक कंप्रता निर्माण करणारे कंप्रता-कंगवे सूक्ष्म अनुस्पंदकांत मिळू शकतात, हे २००७ मध्ये काचेच्या व २००८ मध्ये कॅल्शियम फ्ल्युओराइडाच्या अनुस्पंदकात दिसून आले. २०१४ मध्ये लोझॅन येथील संशोधकांनी मॅग्नेशियम फ्ल्युओराइडाच्या अनुस्पंदकात फिरत राहणारे स्थिर प्रकाशस्पंद वर्णिले. या उपयोगांत अनुस्पंदन व लेसर यांचा मेळ क्षणभरही सुटून चालत नाही. तापमान बदलून मेलन करता येते. परंतु एका अंशाने स्फटिकानुसार एक ते काही अब्ज हर्ट्‌झ विस्थापन होत असल्याने तापमान सहस्रांश अंशाच्याही आत राखावे लागते आणि उष्णता सावकाश पसरत असल्याने प्रतिसाद मंद असतो. दुसरा उपाय असा की, विद्युत् दाबाने आकार बदलणाऱ्या दाबविद्युत् पदार्थाच्या तुकड्याने अनुस्पंदकाला किंचित दाबावयाचे. विद्युत् दाब येथे स्फटिकाशी सरळ न बोलता मध्यस्थामार्फत बोलतो. १८९३ मध्ये पोकेल्स यांनी जो अप्रत्यक्ष परिणाम हिशोबातून वजा केला होता, तोच येथे कामी येतो, असे म्हणता येईल. याची गती उष्णतेपेक्षा पुष्कळ अधिक असली, तरी यंत्ररचनेची स्वतःची ध्वनिकंपने तिला मर्यादा घालतात. २०२० मध्ये टी. जे. किप्पेनबर्ग व सुनील भावे यांच्या गटांनी सिलिकॉन नायट्राइडाच्या अनुस्पंदकावरच ॲल्युमिनियम नायट्राइडाचा दाबविद्युत् थर बसवून प्रकाशस्पंदांचे जलद नियंत्रण साधले. सिलिकॉन नायट्राइड येथे स्फटिकरूप नसते, तरीही या उपायाचा मार्ग तोच आहे.

पटलातील अनुस्पंदक : घासून केलेली चकती एकेक करूनच बनवावी लागते. लिथियम नायोबेटाच्या पृष्ठाखाली आयन घुसवून तेथून त्याचा मायक्रोमीटरहूनही पातळ पापुद्रा सोडविण्याचे व तो दुसऱ्या पृष्ठावर चिकटविण्याचे तंत्र साध्य झाल्यावर हे चित्र पालटले. २००७ मध्ये झुरिक येथील तंत्रविद्या संस्थेत ए. ग्वारिनो, पी. ग्युंटर व सहकाऱ्यांनी अशा पापुद्र्यात कोरलेल्या १०० मायक्रोमीटर त्रिज्येच्या कड्याचे विद्युत् मेलन करून दाखविले. या कड्याचा गुणता गुणांक काही हजारच होता. घासलेल्या चकतीच्या मानाने तो नगण्य म्हणावा लागेल. पण अग्रांमधील अंतर काही मायक्रोमीटरांवर आल्याने थोड्या दाबातही मोठे विद्युत् क्षेत्र मिळण्याची वाट मोकळी झाली. कोरीव कडा पुरेशा गुळगुळीत करण्यास आणखी दहा वर्षे लागली. २०१७ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील मार्को लोंचार यांच्या गटाने पटलातील कड्यात सु. १ कोटी गुणता गुणांक मिळविला.

मेलन पुरेसे जलद झाल्याने एक नवी शक्यता प्रत्यक्षात आली. गुणता गुणांक १० कोटी असलेल्या चकतीत प्रकाश सु. ८० नॅनोसेकंद (एक नॅनोसेकंद = एका सेकंदाचा अब्जांश) टिकून राहतो. तेवढ्या अवधीत दाब बदलून अनुस्पंदन सरकविले, तर आत कोंडलेला प्रकाश मागे न राहता अनुस्पंदनाबरोबर आपली कंप्रताही बदलतो. छेडलेली तार वाजत असतानाच तिचा ताण बदलला की स्वर बदलतो, तसेच हे आहे. कॉर्नेल विद्यापीठात २००७ मध्ये सिलिकॉनाच्या कड्यात मुक्त विद्युत् भार निर्माण करून हा आविष्कार दाखविण्यात आला होता. पण त्या रीतीने कंप्रता केवळ वाढविता येते व मुक्त भार प्रकाश शोषूनही घेतात. फ्रायबुर्ख येथे आय. ब्रॉइनिंग, के. बुझे व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिथियम नायोबेटाच्या चकतीत तो पोकेल्स परिणामाने घडविला. यात विस्थापन दाबाच्या प्रमाणात असते व दाबाचे चिन्ह बदलले की ते उलट दिशेस होते. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी सिलिकॉन नायट्राइडावर लिथियम नायोबेट जोडलेल्या अनुस्पंदकाला अर्धसंवाहक लेसर बांधून टाकला. त्याची कंप्रता सेकंदास १२ दशलक्ष अब्ज हर्ट्‌झ एवढ्या गतीने बदलता येते आणि तरीही लेसरचा प्रकाश एकवर्णी राहतो. लेसर प्रकाशाने अंतर मोजणाऱ्या उपकरणांत अशा झपाट्याने सरकणाऱ्या कंप्रतेचा उपयोग होतो.

१९६६ मध्ये आढळलेली प्रकाशीय इजा नाहीशी झालेली नाही. स्थिर दाब लावून ठेवल्यास भटके विद्युत् भार हळूहळू त्याच्या विरुद्ध साचतात व अनुस्पंदन पुन्हा सरकते. त्यामुळे प्रत्यक्ष साधनात दाब सतत दुरुस्त करणारे स्वयंचलित मंडल जोडावे लागते. मात्र याच दोषाचा एक अनपेक्षित लाभही दिसून आला आहे. सूक्ष्म अनुस्पंदकात स्थिर प्रकाशस्पंद सुरू करताना आतील तापमान एकाएकी बदलते व अनुस्पंदन लेसरपासून निसटते, ही नेहमीची अडचण असे. रॉचेस्टर विद्यापीठातील छिआंग लिन यांच्या गटाला २०१९ मध्ये असे आढळले की, लिथियम नायोबेटाच्या कड्यात प्रकाशाने साचणारे विद्युत् भार अनुस्पंदनाला उष्णतेच्या विरुद्ध दिशेने ओढतात आणि त्यामुळे हे स्पंद आपोआप सुरू होऊन टिकून राहतात.